जावयानं मागितला कडबा

भगवानराव एस.टी.त चेकर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यातला चेकर काही रिटायर झाला नाही. गंगाखेडच्या बसस्टँडवर ते नुसते चहा प्यायला गेले, तरी जुने कंडक्टर उगाच खांद्यावरची बॅग चाचपून बघतात.

ज्यांनी एस.टी.चा प्रवास केलाय त्यांना चेकर काय असतो ते सांगायला नको. भर उन्हात, आडरानात गाडी अचानक थांबते, खाकीतला माणूस दारातून चढतो आणि पेंगलेली गाडी खडबडून जागी होते. भगवानराव चढले की आधी कुणाच्या हाताकडं बघत नसत, तोंडाकडं बघत. त्यांचा एक ठोकताळा होता आणि तो ते अजूनही कुणालाही, न विचारता, ऐकवतात. "तिकीट असलेला माणूस माझ्याकडं बघतो. नसलेला खिडकीबाहेर बघतो. बाहेर काय असतंय, सांगा? बाभळी! बाभळीकडं कुणी एवढं टक लावून बघतंय व्हय?"

गाडी धरायची त्यांची आवडती जागा म्हणजे रेल्वेचं बंद फाटक. तिथं गाडी आपसूक उभी राहते. ड्रायव्हरला पळवता येत नाही, कंडक्टरला सावध व्हायला सवड मिळत नाही. रेल्वेचा एवढा फायदा उचलूनही रेल्वेबद्दल त्यांना काडीची माया नव्हती. "रुळावरची गाडी ती. तिला ना वळायचं, ना कुणाला साइड द्यायची. तिच्या ड्रायव्हरला अक्कल लागते कशाला?" असं ते म्हणायचे, आणि रेल्वेतला एखादा माणूस समोर असला तर जरा मोठ्यानं म्हणायचे.

घरातही तोच कारभार. दूधवाला आला की दुधाकडं नाही, दूधवाल्याच्या डोळ्यांकडं बघायचं. बायको, कस्तुराबाई, माहेराहून उशिरा आली की तिच्या पिशवीवरून ती मधे कुठं उतरली असेल ते ताडायचं. एवढंच काय, एकुलत्या एका पोरीला, प्रियांकाला, बारावीत चांगले मार्क पडले, तर हा बाप पेढे आणायच्या आधी विचारतो, "पेपरला तुझ्या म्होरं कोण बसलं होतं?" पोरगी त्या दिवशी जेवली नाही. कस्तुराबाईंनी नवऱ्याला असं फैलावर घेतलं की विचारू नका. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. प्रियांका तेव्हापासून बापाला हातचं राखून सांगायला शिकली. आणि ती हातचं राखते हे कळल्यावर भगवानराव आणखीच खोदून विचारायला लागले.

तिचं लग्न झालं पिंगळीच्या बालाजीशी. बालाजीचे वडील तिथल्या फाटकावर गेटमन होते. पोरगा मात्र शिकून इंजिनियर झाला आणि जर्मनीत न्युरेंबर्गला नोकरीला लागला. लग्नाच्या बैठकीत भर माणसांत भगवानरावांनी व्याह्यांना टोमणा हाणला, "तुमी जलमभर आमच्या गाड्या अडवल्या, आन आता पोरगीच न्यायलात की!" सगळे हसले, व्याहीही हसले. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. "अवो, तुमची गाडी आन जत्रेतली खेळण्यातली गाडी, फरक काय हाय? तुमची जरा मोठी, एवढंच!" पुन्हा हशा. बालाजी तेवढा हसला नाही, सतरंजीकडं बघत बसला. भगवानरावांनी ते टिपून ठेवलं.

पुढं पोरगी जर्मनीला गेली आणि दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायला लागला. सुरुवातीला दोघंही दिसायचे. मग हळूहळू जावई दिसेनासा झाला.

"पाव्हणे कुठं हायत?"

"खाली हायत, अप्पा."

"खाली म्हंजे?"

"तळघरात."

"तिथं काय करायलेत?"

"काम हाय थोडं," असं म्हणून प्रियांका बाजूच्या खिडकीकडं बघायची.

खिडकीकडं! भगवानरावांनी ते लगेच टिपलं. आपल्याच रक्ताची पोरगी, आणि बिनतिकिटाच्या माणसासारखी खिडकीबाहेर बघायलीय. मग ते रविवार रविवार पुरावे गोळा करायला लागले. कधी कॉल चालू असताना दारावरची बेल वाजायची, कुणीतरी एवढंसं पार्सल देऊन जायचं आणि प्रियांका म्हणायची, "त्यांचं हाय." कधी खालून घर्रघर्र आवाज यायचा. एकदा जावई अर्ध्या मिनिटासाठी समोर आला, तर त्याच्या बोटांना हिरवा-तांबडा रंग लागलेला आणि कपाळावर घड्याळवाल्याचं असतं तसलं भिंग चढवलेलं. "बरं हाय का मामा?" एवढं म्हणून पठ्ठ्या पुन्हा गायब. तळघराला कुलूप असतं, हेही बोलण्याबोलण्यात पोरीच्या तोंडून निघून गेलं होतं.

भगवानरावांनी हे सगळं सूर्यभानच्या कानावर घातलं. सूर्यभान म्हणजे त्यांच्याच डेपोतला जुना ड्रायव्हर. आता सोनपेठ रस्त्याला शेती बघतो आणि उरलेल्या वेळात भगवानरावांच्या संशयाला पाणी घालतो.

"बाई असंल," सूर्यभान म्हणाला.

"येड्या, बाई कुणी तळघरात ठेवतंय का?"

"जर्मनीत ठेवत असतील. आपण कुठं बघायला गेलो? न्हाईतर मग नोटा छापत असंल. भिंग कशाला लागतंय?"

कस्तुराबाईंनी दोघांनाही झापलं. "झोप लागत नसंल तर डॉक्टरकडून गोळी आणा. पण माझ्या पोरीचा संसार चेक करायला जाऊ नका."

पण खरं सांगायचं तर भगवानराव नुसते संशयी नव्हते, भ्यालेले होते. इतकी वर्षं लोकांची तोंडं वाचली, पण स्वतःच्या पोरीचं तोंड मोबाइलच्या काचेतून वाचता येईना. ती तिकडं एकटी रडत असेल, जावयानं तिला वाऱ्यावर सोडलं असेल, आणि बापाला सांगितलं तर बाप उलटंच विचारेल म्हणून सांगत नसेल, या विचारानं त्यांना घास गोड लागत नव्हता. बारावीच्या पेढ्यांची आठवण त्यांनाही होती.

अशात धोंड्याचा महिना आला, आणि तोही ऐन उन्हाळ्यात. हा जादाचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयाचे दिवस फिरतात. त्याला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांवर दिवा ठेवून वाण द्यायचं, कपडे करायचे, ऐपत असली तर सोनं घालायचं. बालाजीच्या पहिल्या धोंड्याला करोना आडवा आला, दुसऱ्याला रजा मिळाली नाही. यंदा मात्र दोघं आले. प्रियांका दारात उतरली तेव्हा भगवानरावांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. वाळली नव्हती. डोळ्यांखाली काळं नव्हतं. हे चांगलं की वाईट, तेही त्यांना ठरवता येईना. दुःख लपवायला शिकलेली माणसं अशीच टवटवीत दिसतात, असं त्यांनी शेवटी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर कस्तुराबाईंनी विषय काढला. "पाव्हणे, अंगठी तर करून ठेवलीच हाय. पण धोंड्याला जावयानं मागावं आन सासऱ्यानं द्यावं अशी रीत हाय. मनात असंल ते सांगा, लाजू नका."

बालाजीनं प्रियांकाकडं बघितलं. प्रियांकानं खिडकीकडं बघितलं.

"मामी, खरंच सांगू का? मला कडबा पाहिजे."

कुलरच्या आवाजात आपल्याला काहीतरी भलतंच ऐकू आलं, असं भगवानरावांना वाटलं. "काय पाहिजे?"

"कडबा, मामा. मालदांडी ज्वारीचा. दोन पेंढ्या बास झाल्या. जाड धाटाचा बघा, पावसात भिजलेला नको."

एवढं बोलून जावई हात धुवायला उठला. कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसल्या. भगवानरावांना मात्र हसू आलं नाही. कडबा! सोन्याची अंगठी समोर असताना माणूस ज्वारीची वाळलेली धाटं मागतो, जी बैलाच्या पुढ्यात टाकतात!

सूर्यभानच्या शेतात कडब्याची गंजी होती, म्हणून भगवानराव तिथं गेले. ऐकून सूर्यभाननं कपाळाला हात लावला. "भगवान, हा अपमान हाय. तुझ्या दारात येऊन कडबा मागतो म्हंजे तुला कोण समजायलाय, इचार कर."

"मला वाटलंच होतं."

"आन साधा अपमान न्हाई. भांडण उकरून काढायलाय. तू चिडावं, चार शब्द वाकडे बोलावं, आन मग ह्यानं म्हणावं, ठेवा तुमची पोरगी तुमच्याजवळ. तळघरातली मोकळीच हाय!"

हे भगवानरावांना असं पटलं की इतके दिवस आपल्याला कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. म्हणजे चिडायचं नाही. आपण चिडलो की त्याचं फावलं. त्यांनी दोन पेंढ्या सूर्यभानच्या स्कूटीवर आडव्या टाकल्या आणि स्वतः मागं बसून धरल्या. गंगाखेडात शिरल्यावर ओळखीपाळखीचे लोक विचारायला लागले, "चेकरसाहेब, म्हैस घेतली का?" भगवानराव दातओठ खात गप्प बसले. घरी येऊन त्यांनी पेंढ्या जावयापुढं ठेवल्या आणि गोड आवाजात म्हणाले, "घ्या पाव्हणे. आणखी काही? सरकी, पेंड?"

बालाजी असा खूश झाला की भगवानरावांचा संशय दुप्पट झाला. त्यानं एक धाट ओढलं, नखानं साल सोलून बघितली, वास घेतला. मग पेंढ्या काखोटीला मारून तो गच्चीवरच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मे महिना, वर पत्र्याची खोली, दार बंद, आणि त्यात पंखाही बंद! भगवानराव जिन्यात कान देऊन उभे राहिले. आतून नुसतं कुरकुर, कुरकुर. प्रियांका पाण्याचा तांब्या घेऊन वर गेली, बऱ्याच वेळानं ओंजळभर कचरा घेऊन खाली आली आणि बापाला जिन्यात बघून दचकली.

"काय चाललंय वर?"

"काही न्हाई अप्पा. काम हाय त्यांचं."

"इथं पण कामच?"

प्रियांकानं ओंजळ मिटली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढच्या दिवशी बालाजी सकाळीच म्हणाला, "मामा, मी जरा पिंगळीला जाऊन येतो." पिंगळीला? व्याही कधीच मोठ्या पोराकडं नांदेडला राहायला गेले होते. पिंगळीत याचं आता कुत्रंसुद्धा उरलेलं नव्हतं. जावई रेल्वेनं निघाला. भगवानरावांनी डोक्याला रुमाल बांधला, "सूर्यभानकडं जातो," अशी थाप मारली आणि परभणीची एस.टी. धरली. पिंगळीच्या फाटकाशी पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. कितीतरी वर्षं याच जागी ते गाड्यांवर चढले होते. जुना लिंब तिथंच होता. त्याच्या आडून त्यांनी बघितलं.

बालाजी गेटमनच्या खोलीपुढं उकिडवा बसला होता. हातात टेप. भिंत मोजली, दार मोजलं, लिंबापासून फाटकापर्यंत मोजलं, मोबाइलमध्ये फोटो काढले. बरं, कुणाशी बोलला म्हणाल तर कुणाशीच नाही. शेवटी तो नुसताच रुळांकडं बघत बसला, आणि गाडी येऊन गेल्यावर त्यानं डोळे पुसले. भगवानरावांनी तेही बघितलं. पण संशयानं भरलेल्या डोक्यात अश्रू शिरायला जागा नसते. हा माणूस जागा बघायलाय, इकडं एकटा परत यायचा बेत करायलाय, आणि मनातून खजील आहे म्हणून रडायलाय, असा त्यांनी हिशोब मांडला आणि आल्या पावली परतले.

त्या दुपारी घर कुलरपुढं झोपलं असताना भगवानरावांनी जे केलं, ते त्यांनी नोकरीत दुसऱ्या कुणी करताना पकडलं असतं तर त्याची गय केली नसती. प्रियांकाची पर्स खुंटीला होती. त्यांनी ती उघडली, तिचा पासपोर्ट काढला, आणि चेकर व्हायच्या आधी कंडक्टर असतानाची जुनी तिकिटांची पेटी उघडून तिच्यात कुलूपबंद केला. चावी घड्याळामागच्या खिळ्याला. मनाशी ते म्हणाले, जावई जाऊ दे खुशाल जिथं जायचं तिथं. माझी पोरगी मी पुन्हा त्या तळघराच्या घरी पाठवणार न्हाई.

दुसऱ्या सकाळी प्रियांकानं पर्स उघडली. आतले कप्पे बघितले, पुन्हा बघितले. भगवानराव पेपराआडून बघत होते. आता ओरडेल, मग ओरडेल. पण ती ओरडली नाही. पर्स बंद करून ती अनारशाचं पीठ बघायला आईकडं गेली. भगवानरावांनी पेपर खाली ठेवला. पासपोर्ट हरवलेला माणूस घर डोक्यावर घेतो. ही गप्प आहे म्हणजे हिला परत जायचंच नाही! म्हणजे आपण केलं तेच बरोबर. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

धोंड्याचा दिवस उजाडला. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार. कस्तुराबाईंनी जावयाला ओवाळलं, वाण दिलं, अंगठी घातली. भगवानराव घसा खाकरून तयार बसले होते. बोलायचं वाक्य त्यांनी तीनदा मनात म्हणून ठेवलं होतं: पाव्हणे, प्रियांका आता इथंच ऱ्हाईल. जावयानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, आणि यांनी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मामा, जरा वर चला. तुमाला एक दाखवायचंय. किती दिवस हिंमतच होईना."

भगवानराव जिना चढले ते सावधपणे, एकेक पायरी बघत. बालाजीनं दार उघडलं.

खोलीच्या फरशीवर आगगाडी उभी होती. इंजिन, डबे, डब्यांना खिडक्या, खिडक्यांना आडवे गज. सगळं धाटाचं. साल सोलून तिच्या पातळ चोया काढलेल्या, आतल्या पांढऱ्या भेंडाची चाकं कापलेली, जागोजागी बाभळीचे काटे टोचून जोडलेलं. पुढं फाटक, फाटकाशेजारी गेटमनची खोली, तिच्यावर सावली धरणारा लिंब.

"पंखा लावला की चोया उडून जातेत," बालाजी ओशाळून म्हणाला.

"हे काय हाय?" भगवानरावांनी विचारलं. आवाज अजून चेकरचाच होता.

"लहानपणी फाटकाजवळ बसून अशीच करायचो, मामा. मोठा झालो आन विसरून गेलो. जर्मनीत पहिल्या हिवाळ्यात लय एकटं वाटायचं. चार वाजताच अंधार. एका दुकानाच्या काचेत एवढीशी आगगाडी फिरत होती. बोगद्यातून निघायची, पुलावर चढायची. बर्फ पडायला होता तरी मला तिथून हलवंना. आत जायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशी आत गेलो. आत सगळी माझ्या वडलांच्या वयाची माणसं! तिथं त्यांचं मंडळच हाय. जो तो आपापलं गाव बांधतो आन त्यात गाडी फिरवतो. ते मला म्हणले, तुझं गाव कोणतं? म्या म्हणलं, पिंगळी."

"म्हंजे तळघरात..."

"पिंगळी हाय. आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांनाच सामानाला एकेक खोली हाय खाली, सगळ्यांच्याच दाराला कुलूप. मी सामान काढलं आन गाव मांडलं. तिकडं दुकानात झाडं मिळतेत, गायी मिळतेत. पण गायी लय गुबगुबीत, घरं उतरत्या छपराची. पिंगळी कुठं मिळणार? डबे प्लास्टिकचे करून बघितले. खरे दिसले, पण माझे वाटंनात. मक्याचं धाट आणून बघितलं, तर त्याची चोईच सरळ निघंना. म्हणून म्हणलं, धोंड्याला मामा काय पाहिजे म्हणून इचारतेत तर कडबाच मागावा."

"मग इतके दिवस लपवलं कामून?"

बालाजी पुन्हा बैठकीतल्यासारखा खाली बघायला लागला. "तुमी म्हणला होतात की. खेळण्यातली गाडी. म्हणलं, मामांना कळलं तर म्हणतील, पोरगी खेळण्यातल्या गाडीवाल्याला दिली. म्याच शपथ घातली हिला."

भगवानरावांची नजर फाटकावर खिळली होती. फाटक बंद होतं आणि त्याच्या अलीकडं एक तांबडी एस.टी. उभी होती. तीही धाटाचीच. तिच्या दाराशी भेंडाचा एक माणूस, बोटाएवढा, अंगात खाकी रंग, खांद्याला दोऱ्याच्या पट्ट्याची बॅग, एक पाय पायरीवर.

"हा कोण?"

"तुमी," बालाजी म्हणाला. "बाबा गेट लावायचे, गाडी थांबायची आन तुमी चढायचे. आख्खी गाडी गप्प व्हायची. मला वाटायचं, गेट रेल्वेसाठी न्हाईच, तुमच्यासाठीच लावतेत. पोरगी बघायला आलो तवाच तुमाला वळखलं होतं. तुमच्याशिवाय फाटक पुरं कसं व्हायचं?"

मग त्यानं मोबाइल पुढं केला. पडद्यावर तळघर होतं. तोच लिंब, तेच फाटक, घर्रघर्र करत गाडी आली आणि वळणावर आडवी झाली. आणि कुणीतरी खळखळून हसलं. मोबाइल वळला. खाली मांडी घालून, गालाला हिरवा रंग लागलेला, डोळ्याला भिंग लावून प्रियांका बसली होती आणि बोटाएवढ्या बाईचं लुगडं रंगवत होती. हसू तिला आवरत नव्हतं.

भगवानरावांनी ते हसू कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. बारावीच्या आधी ती अशी हसायची. पोरगी वर एकटी रडत असेल म्हणून आपण झुरत होतो, आणि ती खाली हसत होती. दुःख नाही, पोरीनं बापापासून सुख लपवून ठेवलं होतं. हे त्यांना फार लागलं. "छान हाय," एवढंच ते म्हणाले. मग पासपोर्ट आठवला आणि ते जवळजवळ धावतच जिना उतरले.

घड्याळामागून चावी काढली, पेटी उघडली. पेटी रिकामी होती.

पुन्हा बघितलं, पेटी उलटी करून बघितलं. कस्तुराबाई? तिला चावीचा पत्ता नाही. सूर्यभान घरात आलाच नव्हता. बालाजी? मग तो इतकं गोड कसा बोलला? दोन दिवस भगवानरावांनी घरातल्या प्रत्येकाचं तोंड वाचलं आणि काहीच लागेना. विचारायचीही सोय नव्हती. काय हरवलं, असं कुणी विचारलं तर काय सांगणार? जन्मात पहिल्यांदा त्यांना दुसऱ्याच्या नजरेची भीती वाटायला लागली.

निघायच्या दिवशी बालाजी म्हणाला, "मामा, परभणीपर्यंत चला की आमच्याबरोबर. रेल्वेनं." एरवी त्यांनी चार गोष्टी सुनावल्या असत्या. आज मुकाट्यानं चप्पल घातली. गंगाखेड स्टेशनवर तिकिटं प्रियांकानं काढली. धाटाची आगगाडी एका खोक्यात कापूस लावून ठेवली होती आणि ते खोकं बालाजीनं कुणाच्या हाती दिलं नाही. गाडी सुटली तसा तो दारात जाऊन मोबाइलवर रूळ टिपायला लागला. बाकावर बाप-लेक समोरासमोर उरली.

"अप्पा," प्रियांका हळूच म्हणाली, "पासपोर्ट माझ्याजवळ हाय. तुमी ठेवला, त्याच्या दुसऱ्या दिवशीच काढून घेतला. पेटीची चावी कुठं असते ते मला लहानपणापासून ठावं हाय."

भगवानराव चपलेकडं बघत म्हणाले, "बोलली कामून न्हाईस?"

"काय बोलू? आधी लय राग आला. म्हणलं आता तोंडसुद्धा बघायचं न्हाई तुमचं. मग वाटलं, भेत असताल माझ्यासाठी." तिनं दारातल्या बालाजीकडं बघितलं. "यांना सांगितलं न्हाई. आईलाबी न्हाई. त्यांनी तुमाला फाटकावर उभं केलंय, अप्पा. तिथं तसंच ऱ्हाऊ द्या."

भगवानरावांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा, चुकलं म्हणावं. पण तिच्याकडं बघण्याची छाती होईना. डोळे भरून आले, तशी त्यांनी मान वळवली. बाहेर बाभळी होत्या. एकामागं एक बाभळी मागं जात होत्या आणि ते त्यांच्याकडं टक लावून बघत राहिले.

डब्यात टी.सी. चढला. पुढच्या बाकांवरची तिकिटं बघत बघत त्यांच्यापाशी आला. त्याची नजर खिडकीबाहेर बघणाऱ्या म्हाताऱ्यावर पडली आणि तिथंच थांबली.

"काका, तिकीट?"

भगवानरावांनी मान वळवली नाही.

"ओ काका. तिकीट दाखवा."

"त्यांचं माझ्याजवळ हाय," प्रियांका म्हणाली आणि तिनं पर्स उघडली.